चार घरे म्हणजे किती फूट?

विद्यार्थीमित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. टेबलावर चौकटींचा एक मोठा कागद पसरलेला आहे. कागदावर एका भुयाराचा नकाशा काढला आहे आणि त्यावर सोंगट्या मांडल्या आहेत. तुम्ही जादूगाराची भूमिका करीत आहात. समोर शत्रूंचा घोळका आहे आणि त्या घोळक्याच्या मध्यावर अग्निगोळा फेकायचे तुम्ही ठरविता. नियमांचे पुस्तक सांगते, की हा गोळा जेथे फुटेल तेथून २० फुटांच्या आत असलेल्या प्रत्येकाला आगीची झळ लागेल. आग शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. आता अडचण अशी, की तुमच्याच गटातला योद्धा त्या जागेपासून चार घरे उजवीकडे आणि चार घरे वर, म्हणजे नेमका तिरक्या दिशेला उभा आहे. प्रत्येक घराची बाजू ५ फूट मानलेली आहे. तो योद्धा आधीच जखमी असून आणखी एक तडाखा सोसण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नाही. मग सांगा पाहू, तो वाचेल की मरेल?

एक खेळाडू बोटाने तिरकी घरे मोजतो. “एक, दोन, तीन, चार. चार घरे म्हणजे वीस फूट. मेला!” दुसरी खेळाडू पट्टी घेते आणि कागदावर सरळ अंतर मोजते. “सव्वाअठ्ठावीस फूट. वाचला!” तिसरा खेळाडू म्हणतो, “संगणकाला विचारा. त्याच्याजवळ भांडण नाही.”

हा तिसरा खेळाडू सर्वांत शहाणा वाटतो. पण खरे पाहता त्याचेच उत्तर सर्वांत अपुरे आहे. ते कसे, हे या लेखात पाहू. ते एकदा कळले म्हणजे अशा खेळांतील लढाईचे नकाशे सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, या प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हालाच काढता येईल.

हा खेळ कोणता?

या खेळांना ‘रोल-प्लेइंग गेम’, म्हणजे भूमिकांचे खेळ, म्हणतात. त्यांतील पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो भोवतालचे जग, शत्रू आणि प्रसंग रंगवितो. खेळाडू काय करणार ते तोंडाने सांगतात आणि यश मिळाले की अपयश, हे फाशांवरून ठरते. त्यांत वीस बाजूंचाही एक फासा असतो. गोष्ट सांगताना नकाशाची गरज लागतेच असे नाही. पण लढाई सुरू झाली, की कोण कोठे उभा आहे, कोणाला कोण दिसतो आणि कोण कोणापासून किती लांब आहे, हे प्रश्न येतात. त्यासाठी नकाशा लागतो.

या नकाशांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याचे एक टोक आपल्या ओळखीच्या बुद्धिबळाशी जुळलेले आहे. जर्मनीतील ब्रन्सविक येथे योहान हेलविग या गणितज्ञाने १७८० साली बुद्धिबळावरून एक युद्धखेळ तयार केला. त्याच्या पटावर ६४ नव्हे, तर १६१७ घरे होती. पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्स या अधिकाऱ्याने पटावरची घरेच काढून टाकली. त्याने १ : ८००० प्रमाणाचा खराखुरा नकाशा घेतला आणि अंतरे मोजण्यासाठी मापे वापरली. त्याच्या खेळात एक पंच असे. जे सैन्य शत्रूला खरोखर दिसू शकेल, तेवढेच तो नकाशावर मांडी. आजच्या सूत्रधाराचा हा पूर्वज होय.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून ते दोरीने मोजून पुढे सरकवायचे होते. येथेही घरे नाहीत. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ या खेळात चौकोनी घरे परत आणली, आणि त्यांच्या कंपनीने १९६१ साली ‘गेटिसबर्ग’ या खेळाच्या नव्या आवृत्तीत चौकोनांच्या जागी षट्कोन घातले. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये अंतरे इंचांत दिलेली होती, म्हणजे पुन्हा पट्टी आली. पुढच्या आवृत्त्यांत पुन्हा चौकोन आले.

तुमच्या लक्षात आले असेलच, की दोनशे वर्षे हा झोका एकदा घरांकडे आणि एकदा पट्टीकडे जात आहे. असे का व्हावे? कारण दोन्हींत काही सोय आहे आणि काही गैरसोय आहे. घरे मोजणे झटपट होते व त्यात वाद कमी होतो. पट्टी खरे अंतर सांगते. पण वेळ खाते आणि पट्टी धरणाऱ्याचा हातही कधी कधी हलतो.

एकाच जागेची चार अंतरे

आता आपल्या योद्ध्याकडे परत जाऊ. सोपेपणासाठी घराच्या मध्यापासून घराच्या मध्यापर्यंत मोजू. तो चार घरे आडवा आणि चार घरे उभा दूर आहे. हे अंतर मोजण्याच्या चार रीती पाहा.

पहिली रीत बुद्धिबळातल्या राजाची. राजा तिरका चालला तरी एका खेळीत एकच घर जातो. या रीतीने अंतर ४ घरे, म्हणजे २० फूट. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत तिरके घर असेच मोजत.

दुसरी रीत पट्टीची. पायथागोरसचा सिद्धांत वापरा. २० चा वर्ग ४०० आणि २० चा वर्ग ४००, बेरीज ८००, तिचे वर्गमूळ २८.२८. म्हणजे सव्वाअठ्ठावीस फूट.

तिसरी रीत तडजोडीची. पहिले तिरके घर ५ फुटांचे, दुसरे १० फुटांचे, तिसरे ५ चे, चौथे १० चे. बेरीज ३० फूट. २००३ सालच्या सुधारित आवृत्तीत हा नियम होता. ही तडजोड कोठून आली? चौरसाचा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो. त्याऐवजी दीडपट धरले, तर तोंडी हिशेब होतो आणि चूक फक्त सुमारे ६ टक्के राहते.

चौथी रीत शहरातल्या रस्त्यांची. आडव्या-उभ्या गल्ल्यांतूनच जायचे, इमारतीच्या पोटातून तिरके जायचे नाही. या रीतीने अंतर आठ घरे, म्हणजे ४० फूट.

आता गंमत पाहा. एकच माणूस, एकच जागा. पण अंतरे मात्र २०, २८, ३० आणि ४० फूट! पहिल्या रीतीने तो मरतो, उरलेल्या तिन्ही रीतींनी वाचतो.

हा फरक एका माणसापुरता नाही. आलेखाचा कागद घ्या. मध्ये एक घर रंगवा आणि त्यापासून ‘चार घरांच्या आत’ येणारी सर्व घरे चारही रीतींनी मोजा. पहिल्या रीतीने मधल्या घरासह ८१ घरे येतात व आकृती चौरस होते. तिसऱ्या रीतीने ६१ घरे येतात आणि आकृती कोपरे छाटलेल्या चौरसासारखी दिसते. पट्टीने ४९ घरे येतात, ती गोलासारखी. गल्लीच्या रीतीने ४१ घरे येतात आणि आकृती पतंगासारखी होते. चार एकक त्रिज्येच्या खऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा; ते ५०.२७ येते. म्हणजे पट्टीची ४९ घरे सत्याच्या सर्वांत जवळ आहेत. राजाच्या रीतीने आग खऱ्यापेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक जागा जाळते.

कागद फिरवून पाहा

येथे पदार्थविज्ञानाचा एक खोल मुद्दा दडलेला आहे. आपल्या खऱ्या अवकाशाला कोणतीही दिशा लाडकी नाही. दोन फूट उत्तरेला आणि दोन फूट ईशान्येला, अंतर सारखेच. दिवा सर्व बाजूंना सारख्याच वेगाने प्रकाश पाठवितो. चौकटींच्या कागदाला मात्र लाडक्या दिशा आहेत. राजाच्या रीतीने चालणारा माणूस सहा घरे सरळ गेला, तर ३० फूट जातो. तेवढ्याच वेळात सहा घरे तिरका गेला, तर प्रत्यक्षात सुमारे ४२ फूट जातो! म्हणजे दिशा बदलताच त्याचा वेग ४१ टक्क्यांनी वाढला. असा धावपटू कोणत्याही मैदानावर सापडणार नाही.

एक विचारप्रयोग करा. भुयार, गोळा आणि योद्धा यांना हात लावू नका. फक्त त्यांच्याखालचा चौकटींचा कागद ४५ अंशांनी फिरवा. आता तोच योद्धा गोळ्यापासून सरळ ओळीत येतो. त्याचे अंतर २८.२८ भागिले ५, म्हणजे साधारण साडेपाच घरे होते. चार घरांच्या मर्यादेत तो बसत नाही. तो वाचला! माणूस जागेवरून हललेला नाही, आग बदललेली नाही. केवळ कागद कसा ठेवला, यावर त्याचा जीव अवलंबून राहिला. रेघा आपण आखलेल्या आहेत, भुयाराने आखलेल्या नाहीत, हे विसरले की असे होते.

मग षट्कोनांनी प्रश्न सुटतो काय? मधमाशीच्या पोळ्यातील घराला सहा शेजारी असतात आणि सहाही शेजाऱ्यांचे मध्य सारख्याच अंतरावर असतात. तिरके घर ही भानगडच नाही. चूक उरते, पण कमी. दोन शेजारी दिशांच्या बरोबर मधून गेले, तर खरे अंतर १.७३२ घरे असताना मोजणीत २ येते. ही चूक सुमारे १५ टक्के झाली. राजाच्या रीतीत ती २९ टक्क्यांपर्यंत जाते. षट्कोनांच्या कागदावर ‘चार घरांच्या आत’ ६१ घरे येतात, आणि तेवढ्याच त्रिज्येच्या खऱ्या वर्तुळात सुमारे ५८ घरांइतकी जागा मावते. फारच जवळचे उत्तर!

परंतु षट्कोनांची स्वतःची अडचण आहे. घरांच्या भिंती काटकोनात असतात. चौकोनी खोलीवर षट्कोन ठेवले, की भिंतीलगतची घरे अर्धी कापली जातात आणि त्यांत माणूस उभा राहू शकतो की नाही, हा नवा वाद सुरू होतो. म्हणून मोकळे रान, डोंगर, समुद्र यांना षट्कोन आणि खोल्या व भुयारे यांना चौकोन बरे पडतात.

कोण कोणाला दिसतो?

लढाईत दुसरा प्रश्न दिसण्याचा. येथे संगणक खरोखर उपयोगी पडतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. म्हणून दोन सोंगट्यांना जोडणारी रेषा भिंतीला छेदत नसेल, तर त्या एकमेकींना दिसतात. संगणक हेच करतो. तो सोंगटीच्या जागेपासून प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांकडे किरण सोडतो आणि वाटेत कोणती भिंत आडवी येते का, ते तपासतो. नकाशावर १०० भिंती असल्या, तर टोके झाली २००. प्रत्येक किरण १०० भिंतींशी पडताळायचा, म्हणजे एकूण २०,००० छेद तपासायचे. माणसाला यास दिवस लागतील. संगणक हे काम डोळ्याची पापणी लवण्याआधी उरकतो. मात्र सोंगटी हलली, की हा सारा हिशेब पुन्हा करावा लागतो. म्हणूनच भिंती फार झाल्या, की जुने यंत्र अडखळू लागते.

जो भाग खेळाडूच्या सोंगटीला दिसत नाही, तो त्याच्या पडद्यावर काळा राहतो. याला ‘फॉग ऑफ वॉर’, म्हणजे युद्धातले धुके, असे नाव आहे. राइसविट्सचा पंच जे काम हाताने करी, तेच हे होय.

येथे एक बारकावा आहे. दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. मध्ये आडोसा नको आणि समोरच्या वस्तूवर उजेड हवा. तुम्ही रात्री अंधाऱ्या गच्चीवर उभे राहा आणि समोरच्या घरातली उजळलेली खोली पाहा. तेथील माणूस तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसत नाही. किरणांचा मार्ग दोघांमध्ये एकच आहे. पण उजेड एकीकडेच आहे. जे सॉफ्टवेअर आडोसा आणि उजेड या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा करते, त्यालाच मशाल हातात घेऊन अंधारात शिरणाऱ्या माणसाचा धोका दाखविता येतो. मशालीने त्याला २० फुटांपर्यंतचे स्वच्छ दिसते, पण ती मशाल शंभर फुटांवरच्या शत्रूलाही दिसते!

खेळाच्या नियमांत मशालीचा उजेड २० फुटांपर्यंत पूर्ण आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद, अशा दोन पायऱ्यांत असतो. खरा उजेड पायऱ्यांनी उतरत नाही. अंतर दुप्पट झाले, की तो एक चतुर्थांश होतो. खेळाने हिशेबाच्या सोयीसाठी त्याच्या दोन पायऱ्या केल्या. तिरक्या घरांच्या तडजोडीसारखीच ही तडजोड समजावी.

नकाशा राहतो कोठे?

लढाईचा नकाशा दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणतात. आपण त्याला आभासी टेबल म्हणू. खेळाडू वेगवेगळ्या गावी असले, तरी इंटरनेटवरून सर्वांना एकच नकाशा दिसतो. २०२० साली करोनाच्या साथीत माणसे घरोघरी अडकून पडली, तेव्हा अनेक गट या आभासी टेबलाभोवती जमू लागले.

नकाशा म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ठिपक्यांचे चित्र. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ३० घरे रुंद आणि २० घरे उंच असा नकाशा घ्या. प्रत्येक घराच्या बाजूला ७० पिक्सेल ठेवले, तर चित्र २१०० गुणिले १४००, म्हणजे २९ लाख ४० हजार पिक्सेलांचे झाले. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर यंत्राच्या स्मृतीत सुमारे १ कोटी १८ लाख बाइट जागा लागते. चित्र अधिक सुबक दिसावे म्हणून बाजूला १४० पिक्सेल केले, तर जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते. क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे येथे विसरू नका. गटातील एखाद्याजवळ साधा मोबाइल असेल, तर तो याच ठिकाणी थांबतो.

हे चित्र ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ते कंपनीच्या संगणकावर राहते आणि सर्व जण तेथून ते पाहतात. दुसरीत ते सूत्रधाराच्या घरच्या संगणकावर राहते आणि बाकीचे त्याच्याशी जोडले जातात. दुसऱ्या रीतीत तुमचा माल तुमच्या घरात राहतो, हा मोठा फायदा. पण नकाशाची फाइल १० मेगाबाइटची असली आणि पाच खेळाडूंना पाठवायची असली, तर ५० मेगाबाइट, म्हणजे ४०० मेगाबिट बाहेर जाणार. घरच्या जोडणीचा बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट असेल, तर ५० सेकंद लागतील. बाहेर पाठविण्याचा वेग आत घेण्याच्या वेगापेक्षा बरेचदा कमी असतो, म्हणून तोच तपासावा. आणि सूत्रधाराच्या घरची वीज गेली, तर सर्वांचाच खेळ थांबतो!

निवड कशी करावी?

आता निवडीकडे येऊ. माझ्या मते प्रश्न पुढील क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : सॉफ्टवेअर हवे आहे का? सगळे एकाच टेबलाभोवती बसणार असाल, तर आलेखाचा कागद, पेन्सिल आणि बटणे पुरेत.

दुसरा : आपला गट अंतर कोणत्या रीतीने मोजणार? हे आधी कागदावर लिहा आणि मग त्या रीतीने मोजणारे सॉफ्टवेअर शोधा. उलट केले, तर सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने ठरविलेला नियम तुमच्या नकळत तुमचा नियम होतो.

तिसरा : दिसण्याचा हिशेब संगणकाने करावा, की सूत्रधाराने हाताने काळा पडदा बाजूला करावा? संगणकाने करायचा, तर सूत्रधाराला प्रत्येक भिंत आधी आखावी लागते. तासाभराच्या लढाईसाठी दोन तास भिंती आखणे परवडते का, ते पाहा.

चौथा : गटातील सर्वांत दुबळे यंत्र कोणाचे? साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

पाचवा : केलेले काम उद्या बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल का?

या कसोट्यांवर काही प्रसिद्ध आभासी टेबले घासून पाहू. ‘रोल-ट्वेंटी’ हे २०१२ साली सुरू झाले. ते ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे काही बसवावे लागत नाही; नकाशे कंपनीच्या संगणकावर राहतात. तिरके अंतर कोणत्या रीतीने मोजावे, ते त्यात निवडता येते. ‘फाउंड्री’ हे २०२० साली बाजारात आले. ते एका सूत्रधाराने विकत घेतले, की बाकीचे ब्राउझरमधून जोडले जातात; ते घरच्या किंवा भाड्याच्या संगणकावर चालविता येते आणि भिंती व उजेड यांचा हिशेब त्यात आहे. ‘मॅपटूल’ फुकट असून त्याची आज्ञावली सर्वांना वाचायला खुली आहे. चौकोन, षट्कोन आणि तिरक्या अंतराच्या निरनिराळ्या रीती त्यात आहेत. पण प्रत्येकाने ते आपापल्या संगणकावर बसवावे लागते आणि शिकायला वेळ लागतो. ‘आउलबेअर रोडिओ’ मुद्दाम साधे ठेवले आहे. नकाशा, सोंगट्या, मोजपट्टी आणि हाताने उघडायचा काळा पडदा एवढ्यावर ज्यांचे भागते, त्यांना ते सोयीचे. खाते उघडण्यापूर्वी वयाची अट वाचा आणि घरच्या मोठ्यांना सांगा. अनोळखी माणसांच्या गटात एकट्याने शिरू नका.

यांत सर्वांत चांगले कोणते, असे तुम्ही विचाराल. मी सांगणार नाही. कारण प्रश्नच अपुरा आहे. एकाच भुयारात खेळणारे चौघे, रानावनात फिरणारे सहा जण आणि एका मोबाइलवर अवलंबून असलेला गट, यांची उत्तरे वेगळी येणार.

संगणक काय ठरवीत नाही?

आता तिसऱ्या खेळाडूचे उत्तर आठवा. “संगणकाला विचारा.” आपण संगणकाला विचारले. राजाची रीत निवडलेली असेल, तर तो क्षणात सांगतो, २० फूट, योद्धा मेला. पट्टीची रीत असेल, तर तितक्याच क्षणात सांगतो, २८.२८ फूट, योद्धा वाचला. दोन्ही वेळा त्याचा हिशेब बिनचूक आहे. पण कोणती रीत घ्यावी, हे तो सांगत नाही. ते कोणीतरी आधीच ठरविलेले असते. अचूक मोजणे निराळे आणि काय मोजायचे ते ठरविणे निराळे. पहिले काम यंत्राचे आहे, दुसरे आपले.

आणि ते ठरविण्याची वेळही महत्त्वाची आहे. अग्निगोळा फेकल्यावर रीत ठरवू लागलात, तर ज्याचा योद्धा मरणार तो एक रीत मागेल आणि ज्याचा वाचणार तो दुसरी. प्रयोगशाळेतही असेच असते. मोजमापाची पद्धत प्रयोगापूर्वी वहीत लिहायची असते. उत्तर पाहून पद्धत बदलली, तर तो प्रयोग उरत नाही.

जाता जाता तुमच्यासाठी तीन कामे. एक : आलेखाच्या कागदावर ८१, ६१, ४९ आणि ४१ घरांच्या चारही आकृत्या रंगवा, नंतर त्रिज्या आठ घरे घेऊन पुन्हा मोजा आणि पट्टीची रीत वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या आणखी जवळ जाते का, ते पाहा. दोन : अंधाऱ्या खोलीत टेबलावर काड्यापेट्या उभ्या करून भिंती बनवा आणि टेबलाच्या उंचीला एक लहानसा दिवा ठेवा. जेथे छाया पडेल, तेथील सोंगटी दिव्याच्या जागेवरून दिसत नाही. दिवा हलवून काळा पडदा कसा सरकतो, ते पाहा. शंभर भिंतींचा हिशेब प्रकाश न मोजताच करून टाकतो! तीन : मित्रमैत्रिणींना जमवून पहिली लढाई कागदावर खेळा, पण फासे टाकण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा, ‘आम्ही तिरके घर असे मोजू’, आणि तिच्याखाली सर्वांच्या सह्या घ्या.